विश्लेषण : लेझर शोचा ‘स्कॅनर’ कसा तपासतात? आपल्या डोळ्यांशी त्याचा संबंध काय?

गेल्या काही वर्षांत गणेशोत्सव जवळ आला की ढोल-ताशा आणि डीजेच्या बरोबरीने लेझरची चर्चाही सुरू होते. २०२३ च्या विसर्जन मिरवणुकांनंतर राज्यातील नेत्रतज्ज्ञांकडे डोळ्याच्या पडद्याला इजा झालेले तरुण रुग्ण आल्याच्या बातम्या आल्या. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी गणेशोत्सवात लेझर बीम वापरण्यावर बंदीचा आदेश काढला. त्याच वर्षी डीजे आणि लेझरचा विषय जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयातही पोहोचला.

ही चर्चा बहुतेक वेळा ‘बंदी हवी की नको’ इथेच थांबते. त्या यंत्राच्या आत काय चालते, ते कुणी तपासते का आणि तपासायचे तर कशाने, हे प्रश्न मागे राहतात. लेझर शोचे सगळे चित्र दोन छोट्या आरशांवर अवलंबून असते. हे आरसे चालवणाऱ्या भागाला ‘स्कॅनर’ म्हणतात. स्कॅनर तपासायची आणि जुळवायची साधने ठरलेली आहेत आणि त्यातली बरीचशी कोणत्याही इंजिनीअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये सापडतात. ती काय मोजतात आणि काय मोजू शकत नाहीत, ते समजून घेऊ.

स्कॅनर म्हणजे नेमके काय?

लेझर प्रोजेक्टर हा सिनेमाच्या प्रोजेक्टरसारखा अख्खे चित्र एकदम पडद्यावर टाकत नाही. त्याच्याकडे प्रकाशाचा एकच बारीक किरण असतो. हा किरण आधी एका आरशावर पडतो, तिथून दुसऱ्यावर आणि मग बाहेर जातो. एक आरसा किरणाला डावीकडे-उजवीकडे हलवतो, दुसरा वर-खाली. तांत्रिक भाषेत त्यांना एक्स आणि वाय म्हणतात. दोन्ही मिळून किरणाला पेनासारखे फिरवतात. हे फिरणे इतक्या वेगाने होते की आपल्या डोळ्यांना ठिपका न दिसता सलग रेषा दिसते. अंधारात पेटती उदबत्ती गोल फिरवली की प्रकाशाचे कडे दिसते, तसाच हा प्रकार.

प्रत्येक आरसा एका छोट्या मोटरच्या दांड्यावर बसवलेला असतो. या मोटरला गॅल्व्हानोमीटर, किंवा या धंद्यातल्या बोलीत ‘गॅल्व्हो’ म्हणतात. ती पंख्याच्या मोटरसारखी गोल-गोल फिरत नाही. काही अंशांतच इकडून तिकडे वळते आणि सांगितलेल्या कोनावर थांबते. दांड्यावर चुंबक असतो आणि भोवती तारेची कॉइल. कॉइलमधला प्रवाह बदलला की दांडा वळतो. दांडा आत्ता नेमका कुठे आहे हे सांगणारा एक सेन्सर मागच्या बाजूला असतो.

सेन्सरकडून येणारी माहिती आणि कॉम्प्युटरकडून आलेला हुकूम यांची तुलना ‘ड्रायव्हर’ नावाचे सर्किट सतत करत असते. ‘किती वळायचे होते, किती वळला, किती उरले’ हा हिशोब ते अखंड करते. याला क्लोज्ड लूप म्हणतात. स्कॅनरचे ट्यूनिंग म्हणजे हा हिशोब घट्ट बसवणे.

हे तंत्र आले कुठून?

आरसा लावलेले गॅल्व्हानोमीटर लेझरपेक्षा शंभरेक वर्षांनी जुने आहे. १८५८ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखले गेलेले शास्त्रज्ञ, यांनी अटलांटिक समुद्राखालच्या तारेसाठी ते वापरात आणले. हजारो किलोमीटर लांबीच्या तारेतून येणारा संदेश इतका क्षीण असे की साधी सुई त्याने हलत नसे. थॉमसन यांनी चुंबकाला छोटा आरसा लावला आणि त्यावर दिव्याचा प्रकाश टाकला. आरसा जरा जरी वळला तरी समोरच्या पट्टीवर प्रकाशाचा ठिपका चांगलाच सरके.

पहिला लेझर १९६० मध्ये थिओडोर मायमन यांनी चालवून दाखवला. १९ नोव्हेंबर १९७३ रोजी लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत आयव्हन ड्रायर यांच्या ‘लेझेरियम’ या कार्यक्रमाने तिकीट लावून लेझर शो दाखवण्याची परंपरा सुरू केली. १९८६ मध्ये इंटरनॅशनल लेझर डिस्प्ले असोसिएशन, म्हणजे ‘इल्डा’ ही संघटना स्थापन झाली. स्कॅनरच्या चाचणीचे जे चित्र आज जगभर वापरतात, ते याच संघटनेच्या नावाने ओळखले जाते.

‘३० केपीपीएस’ म्हणजे काय?

लेझर विकत घेताना किंवा भाड्याने घेताना ‘३० के’, ‘४० के’ असे आकडे कानावर येतात. केपीपीएस म्हणजे सेकंदाला किती हजार बिंदू. कॉम्प्युटर चित्राचे बिंदूंमध्ये तुकडे करतो आणि एकेक बिंदू स्कॅनरला पाठवतो. ३० के म्हणजे सेकंदाला ३० हजार बिंदू. चित्रात एक हजार बिंदू असतील तर ते सेकंदाला ३० वेळा काढले जाईल. त्याहून गुंतागुंतीचे चित्र असेल तर ते लुकलुकताना दिसेल.

मात्र हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याच्यासोबत कोन सांगायलाच हवा. आरशाला दोन अंश वळून परत यायला लागणारा वेळ आणि वीस अंश वळून परत यायला लागणारा वेळ सारखा कसा असेल? म्हणूनच या क्षेत्रातले प्रचलित मोजमाप ‘८ अंशांत ३० के’ असे असते. एखाद्या यंत्राच्या खोक्यावर नुसते ‘४० के’ लिहिले असेल आणि ते ४ अंशांत मोजले असेल, तर ते ८ अंशांतल्या ३० के यंत्रापेक्षा कमी कुवतीचेही असू शकते. हा कोन किरणाचा असतो. आरसा एक अंश वळला की परावर्तित किरण दोन अंश वळतो, हे शाळेतले भूमिती-प्रकाश इथे कामी येते.

कोन मोजायला महागडे यंत्र लागत नाही. प्रोजेक्टर भिंतीपासून बरोबर ५ मीटर अंतरावर ठेवला, तर ८ अंशांचे चित्र भिंतीवर साधारण ७० सेंटिमीटर रुंद पडते. म्हणजे पहिले चाचणी-साधन आहे मोजपट्टी.

चाचणीचे चित्र काय सांगते?

इल्डाच्या चाचणी चित्रात रेषा, चौकोन, वर्तुळ, अक्षरे आणि रंगांच्या पट्ट्या असतात. प्रत्येक भाग वेगळ्या दोषाची परीक्षा घेतो. सरळ रेषा वाकड्या दिसल्या तर आरशाची हालचाल सगळीकडे सारखी नाही. रेषेच्या टोकाला शेपूट दिसली तर लेझर चालू-बंद होण्याची वेळ आणि आरशाची हालचाल यांचा मेळ बसलेला नाही. चौकोनाचे कोपरे गोलसर झाले तर स्कॅनर मागे पडतो आहे.

या चित्रातला सर्वांत हुशार भाग म्हणजे मधला चौकोन आणि त्यातले वर्तुळ. फाइलमधल्या आकड्यांनुसार हे वर्तुळ प्रत्यक्षात चौकोनापेक्षा मोठे असते. पण ते मोजक्या बिंदूंत, अतिशय वेगाने काढायला लावले जाते. खरा आरसा त्या वेगात पूर्ण अंतर गाठू शकत नाही, त्यामुळे वर्तुळ लहान होते. स्कॅनर ठरलेल्या वेगाला नीट जुळवलेला असेल, तर ते नेमके एवढेच लहान होते की चौकोनाच्या चारही बाजूंना आतून टेकते.

वर्तुळ चौकोनाला टेकत नसेल तर स्कॅनर त्या वेगाला कमी पडतो आहे. बाहेर येत असेल तर चित्र ठरलेल्या वेगापेक्षा हळू चालवले जात आहे किंवा ट्यूनिंग जास्त आक्रमक झाले आहे. वर्तुळ आडवे पसरून अंड्यासारखे झाले असेल तर एक्स आणि वाय यांचा आपसात मेळ नाही. कोणतेही मीटर न लावता, नुसत्या नजरेने एवढे कळते.

ट्यूनिंगमध्ये काय करतात?

ड्रायव्हर सर्किटवर स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे छोटे प्रीसेट असतात. एकाने चित्राचा आकार ठरतो, एकाने गेन म्हणजे आरशाला किती जोराने ढकलायचे ते, तर एक-दोन प्रीसेट डॅम्पिंगचे, म्हणजे ब्रेक किती लावायचा याचे असतात.

दाराला लावलेला डोअर क्लोजर आठवा. तो फार सैल असेल तर दार धाडकन आपटून मागे येते. फार घट्ट असेल तर दार रेंगाळत बंद होते. नीट जुळवलेला असेल तर दार झपकन येते आणि अलगद बसते. आरशाकडूनही हेच हवे असते, फरक एवढाच की त्याला हे सेकंदाच्या काही हजाराव्या भागात करायचे असते. इंजिनीअरिंगला कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात ज्यांनी ‘ओव्हरशूट’ आणि ‘सेटलिंग टाइम’चे आलेख काढले असतील, त्यांना ही जुनी ओळख पटेल.

हा आलेख प्रत्यक्ष पाहायचे साधन म्हणजे ऑसिलोस्कोप. फंक्शन जनरेटरमधून स्कॅनरला चौकोनी लहर देतात. म्हणजे ‘इकडे जा, थांब, तिकडे जा, थांब’ असा हुकूम. ऑसिलोस्कोपच्या एका चॅनेलवर हा हुकूम दिसतो आणि दुसऱ्यावर स्कॅनरच्या सेन्सरने सांगितलेली खरी जागा. दुसरी रेघ पहिल्या रेघेच्या वर उसळून थरथरत स्थिर होत असेल तर डॅम्पिंग कमी आहे. कोपरा गोल करून हळूहळू चढत असेल तर डॅम्पिंग जास्त किंवा गेन कमी आहे. कारागीर एकेक प्रीसेट थोडा-थोडा फिरवून ही रेघ शक्य तितकी तीव्र, पण न थरथरणारी करतो.

इथे दोन नियम पाळतात. पहिला, काम नेहमी छोट्या कोनापासून सुरू करायचे. दुसरा, दोन आरशांपैकी जो संथ आहे त्याच्याशी दुसरा जुळवायचा. पहिल्या आरशावरून हलत आलेला किरण झेलायचा असल्याने दुसरा आरसा मोठा असतो. मोठा म्हणजे जड आणि जड म्हणजे संथ. वेगवान आरसा आपल्या मस्तीत पळाला तर चित्र तिरके-वाकडे होते.

गेन प्रमाणाबाहेर वाढवला तर स्कॅनर कर्कश किंचाळू लागतो. ही आरसा स्वतःच्याच चुका दुरुस्त करता करता वेड्यासारखा थरथरत असल्याची खूण असते. त्या क्षणी वीज बंद केली नाही तर कॉइल काही सेकंदांत जळू शकते. त्यामुळे अनुभवी कारागिराचा एक हात नेहमी स्विचवर असतो.

टेबलावर कोणकोणती साधने लागतात?

नीट तपासणी करायची तर साधारण पुढची साधने लागतात.

* मल्टिमीटर : ड्रायव्हरला मिळणारी वीज दोन्ही बाजूंनी, म्हणजे प्लस आणि मायनस, सारखी आणि स्थिर आहे का हे पाहायला. वीज डळमळीत असेल तर पुढची सगळी मोजमापे व्यर्थ.

* दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप : वर सांगितलेला आलेख पाहायला. शिवाय एक्स-वाय मोडवर ठेवला तर लेझर न पेटवताच सेन्सरच्या सिग्नलवरून अख्खे चित्र पडद्यावर पाहता येते. सुरक्षेच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे.

* फंक्शन जनरेटर किंवा चाचणी चित्र देणारा कंट्रोलर : स्कॅनरला ठरलेला हुकूम द्यायला. काही हौशी मंडळी कॉम्प्युटरचे साउंड कार्डही वापरतात, कारण दोन चॅनेलचा आवाज म्हणजे शेवटी दोन बदलते सिग्नलच. पण साध्या साउंड कार्डच्या आउटपुटला कपॅसिटर असतो आणि तो स्थिर व्होल्टेज अडवतो. त्यामुळे एका जागी थांबलेला बिंदू हळूहळू मध्याकडे सरकतो. म्हणून त्यात आधी बदल करावा लागतो.

* इल्डा केबल तपासणी : व्यावसायिक प्रोजेक्टरला २५ पिनांचा कनेक्टर असतो. त्यात एक्स, वाय आणि प्रत्येक रंगाचे वेगळे सिग्नल जातात, शिवाय ‘इंटरलॉक’ची वायर असते. ही साखळी तुटली की लेझर बंद व्हायला हवा. केबल खेचून हे पाहणे ही सर्वांत सोपी आणि बहुधा सर्वांत जास्त टाळली जाणारी चाचणी.

* लेझर पॉवर मीटर : किरणात किती मिलिवॅट किंवा वॅट शक्ती आहे हे मोजायला. खोक्यावरचा आकडा आणि बाहेर पडणारी शक्ती यात फरक असू शकतो. या मीटरचा सेन्सर सहसा उष्णतेवर चालतो आणि त्याला स्थिर व्हायला काही सेकंद लागतात. त्यामुळे तो थांबलेल्या किरणासाठी ठीक, पण झपकन सरकून जाणाऱ्या किरणाचा झटका त्याला दिसत नाही.

* वेगवान फोटोडायोड : तो झटका पाहायला. भिंतीवर एका जागी फोटोडायोड लावून ऑसिलोस्कोपला जोडला की किरण त्या जागेवरून किती वेळा आणि किती मायक्रोसेकंद गेला हे दिसते.

* प्लास्टिक किंवा सिरॅमिक टोकाचा स्क्रूड्रायव्हर : लोखंडी टोक घसरून दोन भाग शॉर्ट झाले तर ड्रायव्हर जळतो.

* त्या त्या रंगासाठी ठरलेला संरक्षक चष्मा : लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही लेझरना एकच साधा काळा गॉगल चालत नाही. आणि मुख्य लेझरची शक्ती अगदी कमी ठेवूनच हे काम करायचे, हा पहिला नियम.

हे सगळे वाचून कुणी घरी प्रोजेक्टर उघडू नये. आतला किरण बंद खोलीत कोणत्याही चकचकीत पृष्ठभागावरून डोळ्यात येऊ शकतो.

आरसा अडकला तर काय होते?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. समजा एक वॅटचा लेझर आहे. किरण बाहेर पडताना ५ मिलिमीटर जाड आहे आणि दर मीटरला दीड मिलिमीटर पसरतो. २० मीटरवर तो ३५ मिलिमीटरचा ठिपका होतो. प्रकाश या ठिपक्यात सगळीकडे सारखा पसरला आहे असे धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०४ मिलिवॅट येतात.

दिसणाऱ्या प्रकाशासाठी आंतरराष्ट्रीय सुरक्षा मर्यादा पाव सेकंदाकरिता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच मिलिवॅट आहे. पाव सेकंद यासाठी की तेवढ्यात माणूस पापणी मिटतो किंवा मान फिरवतो, असे गृहीत धरले आहे. म्हणजे हा किरण २० मीटरवर एका जागी थांबला तर मर्यादेच्या चाळीसपट. लेझर पाच वॅटचा असेल तर दोनशेपट.

आता तोच किरण फिरतो आहे असे धरू. २० मीटरवर ४० अंशांची आडवी रेघ साधारण साडेचौदा मीटर लांब होते. ती सेकंदाला ३० वेळा जाऊन-येऊन काढली तर किरण सेकंदाला जवळपास ८७० मीटर वेगाने सरकतो. डोळ्याच्या बाहुलीवरून तो एका वेळी सुमारे ५० मायक्रोसेकंदांत निघून जातो. पाव सेकंद थांबलेला किरण एका फेरीच्या तुलनेत सुमारे पाच हजारपट ऊर्जा डोळ्यात ओततो.

पण याचा अर्थ फिरता किरण सुरक्षित असा होत नाही. वेळ कमी झाला की मर्यादेचा हिशोबही बदलतो. वरच्याच उदाहरणात एका फेरीतही ती मर्यादा साधारण पाचपटीने ओलांडली जाते आणि फेऱ्या तर सेकंदाला साठ आहेत. शिवाय रेघेच्या दोन्ही टोकांना किरण वळताना मंदावतो, तिथे बसलेल्या माणसाच्या वाट्याला जास्त येते. त्यामुळे शक्तिशाली किरण गर्दीच्या डोळ्यांच्या पातळीवर आणायचाच नाही, हा पहिला नियम. स्कॅनर फिरतो आहे ही त्याची पळवाट नाही.

मग ट्यूनिंगचा सुरक्षेशी संबंध काय?

संबंध दुहेरी आहे. चुकीचा जुळवलेला स्कॅनर सांगितलेल्या जागेच्या पुढे उसळतो. ऑपरेटरने सॉफ्टवेअरमध्ये ‘या रेषेच्या खाली किरण नको’ अशी हद्द आखली असेल आणि आरसा दर वेळी जरा पुढे जात असेल, तर ती हद्द कागदावरच राहते.

दुसरे म्हणजे, फार आक्रमक जुळवलेला स्कॅनर तापतो. ड्रायव्हरमधले संरक्षण किंवा फ्यूज त्याला बंद पाडतो. आरसा थांबतो, पण लेझर थांबेलच असे नाही. जनरेटरची वर-खाली होणारी वीज, ट्रॉलीचे हादरे, भाद्रपदातली दमट हवा आणि तासन्‌तास न थांबता चाललेली मिरवणूक हे सगळे विचारात घ्या. दुकानातल्या टेबलावर जेमतेम टिकणारे ट्यूनिंग रस्त्यावर टिकेलच याची खात्री नसते.

म्हणूनच चांगल्या प्रोजेक्टरमध्ये ‘स्कॅन-फेल सेफ्टी’ नावाचे वेगळे सर्किट असते. ते दोन्ही आरशांच्या सेन्सरवर नजर ठेवते. आरसे थांबले किंवा फार मंदावले की ते लेझर तोडते. ते खरेच चालते का हे पाहायची चाचणी सोपी आहे. शक्ती कमी ठेवायची, किरण भिंतीकडे किंवा जाड काळ्या पत्र्याकडे वळवायचा आणि स्कॅनरला मुद्दाम एकाच बिंदूवर थांबायचा हुकूम द्यायचा. लेझर लगेच विझायला हवा. फोटोडायोड आणि ऑसिलोस्कोप लावले तर किती वेळात विझला तेही मोजता येते. चित्र सुंदर दिसते आहे म्हणजे हे सर्किट चालते आहे, असे मुळीच नाही. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

परदेशात काय नियम आहेत?

अमेरिकेत शक्तिशाली लेझरचा शो करायचा तर अन्न व औषध प्रशासनाकडून खास परवानगी घ्यावी लागते. सर्वसाधारण अट अशी की, प्रेक्षक जिथे उभे राहू शकतात त्या पृष्ठभागापासून किरण किमान ३ मीटर वर आणि बाजूने किमान अडीच मीटर दूर हवेत. आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाच्या ६०८२५ या मानक मालिकेत लेझरचे वर्ग ठरवलेले आहेत. अर्ध्या वॅटहून जास्त शक्तीचे दृश्य लेझर सर्वांत धोकादायक, म्हणजे चौथ्या वर्गात येतात. शोसाठीचे बहुतेक मोठे लेझर याच वर्गातले.

नियम मोडले की काय होते याचे उदाहरण रशियातले आहे. जुलै २००८ मध्ये मॉस्कोजवळ एका खुल्या संगीत महोत्सवात अनेक तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्यांना इजा झाली. तेव्हाच्या बातम्यांनुसार पावसामुळे वर ताडपत्री टाकली होती आणि एरवी आकाशाकडे सोडले जाणारे लेझर गर्दीच्या दिशेने वळवले गेले. पाऊस, ताडपत्री आणि ऐनवेळी बदललेली दिशा. गणेशोत्सवाच्या दिवसांत आपल्याकडेही हे तिन्ही एकत्र येणे अवघड नाही.

मिरवणुकीतला प्रत्येक झोत लेझर असतो का?

नाही. ‘शार्पी’ म्हणून ओळखले जाणारे फिरते झोत लेझर नसतात. त्यात तीव्र दिवा आणि भिंगे असतात. ते डोळ्यांना त्रासदायक असतात, पण त्यांचे गणित वेगळे. स्वस्त ‘डीजे लेझर’मध्ये बऱ्याचदा गॅल्व्हो नसतातच. तिथे एका किरणाचे जाळीदार काचेतून अनेक किरण केले जातात आणि साध्या स्टेपर मोटरने ते हळू फिरवले जातात. अशा यंत्राला वर सांगितलेले ट्यूनिंग लागू होत नाही आणि स्कॅन-फेलसारखे संरक्षणही बहुधा नसते. त्यामुळे बंदोबस्तावरच्या पोलिसाला किंवा मंडळाच्या कार्यकर्त्याला ‘हे नेमके कोणत्या प्रकारचे यंत्र आहे’ हे आधी कळायला हवे.

भाड्याने घेताना काय विचारावे?

स्थानिक प्रशासनाचा बंदी आदेश असेल तर प्रश्नच मिटला. नसेल, किंवा सभागृहात, लग्नात, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये लेझर लावला जाणार असेल, तर आयोजकांनी पुरवठादाराला पाच प्रश्न विचारावेत.

१. लेझरची शक्ती किती आणि ती पॉवर मीटरने शेवटची कधी मोजली?

२. स्कॅनरचा वेग किती आणि किती अंशांत? नुसता ‘के’चा आकडा हे उत्तर नाही.

३. इल्डाचे चाचणी चित्र आत्ता समोर भिंतीवर दाखवता येईल का? वर्तुळ चौकोनाला आतून टेकते का?

४. स्कॅन-फेल संरक्षण आहे का? असेल तर ते चालवून दाखवा.

५. आपत्कालीन बंद बटण कुठे आहे आणि शोभर त्याच्याजवळ कोण उभे राहणार?

या पाचांपैकी तीन आणि चार क्रमांकांच्या उत्तरांना मिळून दहा मिनिटेही लागत नाहीत. जो पुरवठादार टाळाटाळ करेल, त्याच्याकडून यंत्र न घेणे बरे.

प्रेक्षकांनी काय काळजी घ्यावी?

किरण डोळ्यांच्या पातळीवर येत असतील तर तिथून बाजूला व्हावे आणि लहान मुलांना खांद्यावर घेऊन त्या दिशेने उभे राहू नये. किरण कुठून येतो हे पाहायला प्रोजेक्टरच्या तोंडाकडे टक लावू नये. मोबाइलवर शूट करतानाही तेच. लेझरचा थेट किरण मोबाइल कॅमेऱ्याचा सेन्सर कायमचा खराब करू शकतो आणि फोटोंवर ठिपके किंवा रेघा उरतात. मोबाइलचा सेन्सर बदलता येतो, डोळ्याचा पडदा नाही. शोनंतर नजरेच्या मध्यभागी डाग दिसला, सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या किंवा धूसर दिसू लागले, तर दुखत नाही म्हणून वाट पाहू नये. अशी इजा अनेकदा दुखतच नाही. लगेच नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.

थोडक्यात

स्कॅनर तपासायची पद्धत दशकानुदशके वापरात आहे आणि तिला लागणारी बहुतेक साधने सहज मिळण्यासारखी आहेत. रस्त्यावर आलेला लेझर कधी मोजला गेला, कुणी मोजला आणि त्याची नोंद कुठे आहे, हे मात्र त्या यंत्राखाली उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या तक्रारीत डेसिबल मीटर पुढे येतो आणि वाद आकड्यावर येतो. लेझरच्या बाबतीत तपासणी पथकाच्या हाती पॉवर मीटर आणि पुरवठादाराच्या हाती चाचणीचा कागद येईपर्यंत बंदी हाच प्रशासनापुढचा सरळ मार्ग राहतो.